पाठमोरी परीक्षा

काचेच्या खोलीत शिरायच्या आधी आण्णांनी खिशातून कंगवा काढला, भांग नीट केला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. माझं डोकं तिथेच ठिकाणावर असतं तर पुढचा तमाशा टळला असता.

“आण्णा, कानाची तपासणी हाय. फोटो काढायचा न्हाई,” मी म्हणाले.

“असू दे की. चारचौघांत आलोय, जरा नीटनेटकं दिसावं.”

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बुधवारी अपंगांचे दाखले मिळत. आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने आलो होतो तरी नंबर लागला सत्तेचाळिसावा. आण्णा तेव्हा बावन्न वर्षांचे आणि मी सोळा. दहावीला मी शाळेत दुसरी आले होते, आणि त्याच महिन्यात आमच्या घरात ठरायचं होतं की मी अकरावीला जायचं की आईबरोबर कांड्या भरायला बसायचं. यंत्रमागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताने भरलेली जी बारीक नळी बसते ती कांडी. आई रोज दहा तास कांड्या भरायची आणि तिचा उजवा खांदा आता वर उचलला जात नव्हता. आण्णा दोन वर्षं घरी बसून होते. त्यांना चाळीस टक्के बहिरेपणाचा दाखला मिळाला असता तर निराधार योजनेचं पेन्शन लागलं असतं. फार नसतं मिळालं, पण महिन्याचा किराणा निघाला असता आणि माझी शाळा वाचली असती. सगळं घोडं त्या चाळीस टक्क्यांवर अडलं होतं.

आत टेक्निशियनने आण्णांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि लहान मुलाला सांगावं तसं मोठ्याने, सावकाश सांगितलं, “काका, आवाज आला की बोट वर करायचं. अगदी बारीक आला तरी करायचं. काय?”

त्याच्या ओठांकडे बघत आण्णांनी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची उचलून जरा फिरवून ठेवली. “उजेड डोळ्यांवर येतोया सायेब,” ते म्हणाले. तोही बिचारा “बरं बरं” म्हणाला आणि बाहेर येऊन मशीनसमोर बसला. त्याच्या आणि आण्णांच्या मध्ये एक काच होती. मी बाजूच्या बाकावर.

तपासणी सुरू झाली आणि आण्णांचं बोट वर गेलं. खाली आलं, पुन्हा वर गेलं. एकदाही चुकलं नाही. हवालदाराने सलाम ठोकावा तसं टेचात बोट वर जात होतं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. टेक्निशियन खूश होऊन कागद घेऊन आला.

“काका, कान ठणठणीत आहेत तुमचे! वयाच्या मानाने थोडं कमी, एवढंच. यात टक्के काही बसत नाहीत.”

“म्हंजे पास?” आण्णांनी विचारलं.

“पास.”

आण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं की जणू बोर्डात पहिले आलेत.

आता आण्णा कोण होते ते सांगितलं पाहिजे. रेवणसिद्ध मुरदंडे, पण गावात कुणी हे नाव घेत नसे. रेवू जॉबर म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. आमचं गाव मागांचं. कुठल्याही गल्लीत शिरा, खटखटखटखट, दिवसाही आणि रात्रीही. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर, आणि जॉबरचं सगळं भांडवल म्हणजे त्याचे कान. चोवीस माग एकदम चालू असताना कोणता लंगडतोय हे त्याला आवाजावरून कळलं पाहिजे.

म्हणून आमच्याकडे जॉबर कामाला ठेवताना मालक त्याची परीक्षा घ्यायचे. जॉबरने कारखान्याच्या दारात उभं राहायचं, मागांकडे पाठ करून, डोळे मिटून. आत मालक एखाद्या मागाचा नट मुद्दाम ढिला करून ठेवायचा. तो कितवा, हे जॉबरने तसंच पाठमोरं सांगायचं. आण्णांनी एकोणीस वर्षांत ही परीक्षा सात कारखान्यांत दिली आणि सातही ठिकाणी बरोबर सांगितलं. एकदा तर म्हणे ते म्हणाले, “शेठ, तुमी ढिला केलाय तो अकरावा. पर सतरावाबी आठ दिसांत बसणार हाय.” आणि सतरावा सातव्या दिवशी बसला. ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की वर्गात पाढे विसरले तरी सतरावा माग विसरत नव्हते.

त्याच मागांनी त्यांचे कान खाल्ले. एका दिवसात नाही, थोडे थोडे करून. कारखान्यात तसंही कुणी कुणाचं ऐकत नाही. सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. चार मागांपलीकडची बाई “डब्यात काय आणलंय” म्हणाली तरी तिच्या ओठांवरून कळतं. त्यामुळे आण्णांना ऐकू येणं बंद झालं तरी बरीच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ते ओठ वाचायचे, आणि माग ओळखायचा तर सांगाड्यावर तळहात ठेवायचे. घरी आम्हालाही वाटायचं, हाका मारल्या तरी ओ देत नाहीत म्हणजे आण्णा आपल्याच तंद्रीत असतील. मग एके दिवशी एका मागाचा धोटा सुटला. सगळे ओरडले, “रेवू, खाली बस!” आण्णांची पाठ होती. धोटा खांद्याला लागून गेला. चार बोटं वर लागला असता तर आण्णाच राहिले नसते. मालक वाईट नव्हता. त्याने हात जोडून सांगितलं, “रेवू, आता बास कर.” त्यानंतर आण्णा तीन कारखान्यांत गेले. तिन्ही ठिकाणी दारात पाठमोरे उभे राहिले आणि तिन्ही ठिकाणी त्यांनी अंदाजाने चुकीचा आकडा सांगितला. चौथ्या ठिकाणी ते गेले नाहीत.

असा माणूस दवाखान्यात पास होऊन मिशीवर बोट फिरवत होता. मी त्यांना हाताला धरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं आणि तोंड त्यांच्या समोर आणून विचारलं, “आण्णा, काय केलंसा तुमी आत?”

“काय केलं?”

“तुमास्नी काय आईकू येत न्हाई. माझं लगीन ठरल्यालं माइकवरनं सांगितलं तरी कळायचं न्हाई तुमाला. बोट कसं वर गेलं?”

कुणी ऐकत नाही ना, हे आण्णांनी बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, “त्या सायबाचं कोपर हलतंया बटण दाबताना. काचंतनं दिसत हुतं.”

“म्हणून खुर्ची फिरवलीसा व्हय?”

“तर काय!” म्हणाले, आणि हसले. स्वतःच्या हुशारीवर हसले! मला असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

“आई काय म्हणाली होती येताना? तिथं जाऊन शहाणपणा करू नगासा म्हणाली होती का न्हाई?”

“म्हणाली हुती.”

“मग?”

“पोरी, मी नापास व्हायचं ठरवूनच आलो हुतो. देवाशप्पत. पर डोक्यावर ते चढलं, समोर मानूस बसला परीक्षा घ्यायला, आन्…” त्यांनी तोच हात वर केला, बोट बघितलं आणि खाली घेतलं. “परीक्षा म्हटल्यावर माझ्याच्यानं नापास व्हवत न्हाई गं.”

ते पुढे म्हणाले, “आन् त्या फारमावर काय लिवलंय बघितलंस? निराधार. मला बायकू हाय, तुझ्यासारखी पोरगी हाय. मी कशानं निराधार?”

“बरं. मग मी उद्यापासनं कांड्या भरते,” मी म्हणाले. “आईचा खांदा गेला, आता माझा जाऊ दे. तुमी पास व्हा.”

हे मी रागाने म्हणाले होते, पण ते खरंच होतं. आण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा माझ्या ओठांकडे बघितलं नाही. बहिऱ्या माणसाला बोलणं नको असेल तर एवढंच करावं लागतं.

मी त्यांना तिथेच उभं करून डॉक्टरांच्या खोलीत घुसले. नाडगौडा बाई कानांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर फायलींचा ढीग. शिपाई “ए पोरी, ए पोरी” करत माझ्यामागे आत आला.

“बाई, माझ्या वडिलांचा रिपोर्ट खोटा आहे,” मी सांगून टाकलं.

त्यांनी कागद बघितला. “मुरदंडे. अगं, चांगलं ऐकू येतंय की त्यांना. मशीनचा रिपोर्ट आहे हा. मशीन कशाला खोटं बोलेल?”

“मशीन नाही बोललं. आण्णा बोलले.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “लोक इथे बहिरे असल्याचं सोंग घेऊन येतात, बाळ. ऐकू येत असल्याचं सोंग घेऊन आलेला आजवर एकही बघितला नाही मी.”

“मग आज बघा,” मी म्हणाले. “दोन मिनिटं द्या. नाहीतर मला हाकला.”

त्या हसल्या असाव्यात. शिपायाला म्हणाल्या, “बोलवा त्यांना.”

आण्णा आले, नमस्कार केला. बाईंनी विचारलं, “काका, माझं बोलणं कळतंय ना?”

“कळतंय की बाई, चांगलं कळतंय,” आण्णा त्यांच्या ओठांकडे बघून तत्परतेने म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. बघ, मी म्हणत नव्हते, अशा नजरेने.

मी आण्णांच्या समोर गेले. “आण्णा, दारात जाऊन उभं राहा. भायेर तोंड करून. जॉबरची परीक्षा हाय.”

त्यांना लगेच कळलं. चेहरा एकदम पडला. त्या तीन कारखान्यांतून परत आल्यावर असायचा तसा. “पोरी, हितं नगं,” ते म्हणाले. “चार लोक बघत्यात.”

“उभं राहा आण्णा.”

ते गेले. दारात उंबऱ्याशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला सरळ, मालकासमोर उभे राहायचे तसेच. व्हरांड्यातल्या बाकांवरचे लोक त्यांच्याकडे बघायला लागले. आणि मग माझं लक्ष समोर गेलं. दारासमोर व्हरांड्यात औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत सगळी खोली दिसत होती. बाई, शिपाई, मी. कपाटातून आण्णांचे डोळे माझ्याकडे बघत होते.

झालं, मी मनात म्हणाले. आता हे इथेही पास होणार.

आण्णांनी काचेतून माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. आणि डोळे मिटले.

कुणी सांगितलं नव्हतं. जॉबरच्या परीक्षेत डोळे मिटायचे असतात, म्हणून त्यांनी मिटले. सात वेळा जिंकण्यासाठी मिटले होते, तीन वेळा हरले तेव्हाही मिटले होते. या वेळी हरायचं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरी त्यांनी ते इतके घट्ट मिटले की कपाटाच्या काचेत मला कपाळावरच्या आठ्या दिसल्या.

“आण्णा,” मी हाक मारली. मग मोठ्याने. मग घसा फाडून. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. आण्णा तसेच. नाडगौडा बाई खुर्चीतून उठल्या, टेबलावरची घंटी उचलून त्यांच्या कानामागे नेली आणि दणादणा वाजवली. पलीकडच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं मूल रडायला लागलं. आण्णांची पापणीसुद्धा हलली नाही.

बाईंनी घंटी खाली ठेवली. परीक्षा संपली होती. पण मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्या पाठीकडे बघत बोलायला लागले. घरी असं बोलायची पद्धत नव्हती. त्यांना ऐकू येणार नाही म्हणूनच मला बोलता आलं.

“आण्णा, तुमी नापास झालासा. झालासा तर झालासा. तुमचं कान काय चोरीला गेल्यालं न्हाईत. चोवीस माग एकोणीस वर्सं चालवलंसा, त्यात गेल्यात. मला कुणी इचारलं तर मी सांगणार, मी रेवू जॉबरची पोरगी. मला तुमचा लई अभिमान वाटतो.” आणि मग, का ते माहीत नाही, “सतराव्या मागाचाबी.”

नाडगौडा बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. शिपाई बाहेर निघून गेला. मग बाईंनी आण्णांच्या खांद्याला हात लावला आणि आण्णांनी डोळे उघडले.

“झाली?” त्यांनी विचारलं.

“झाली,” बाई म्हणाल्या. “काका, मी तुमची वेगळी तपासणी लिहून देते. डोक्याला वायरी लावून झोपवून करतात. त्यात बोट वर करायचं नसतं.” आणि मला म्हणाल्या, “जा, या कागदाची झेरॉक्स काढून आण.”

परतीच्या एसटीत आण्णा खिडकीशी बसले होते. मग माझ्याकडे वळले. “मागनं काय बोलत हुतीस गं एवढं?”

“काय न्हाई. पाढे म्हणत होते,” मी म्हणाले.

“कितीचे?”

“सतराचे.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

वायरींच्या तपासणीत बहात्तर टक्के आले. आण्णा घरी आले तेव्हा आईने विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “फस्ट क्लासात नापास!” निराधार योजनेच्या फॉर्मवर सही करताना मात्र पेन हातात धरून बसले. आई म्हणाली, “अवं, त्यो शबूद सरकारचा हाय. तुमी कोण ते आमास्नी ठावं हाय न्हवं? करा सही.” केली. पहिलं पेन्शन जमा झालं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले. येताना माझ्यासाठी अकरावीची रसायनशास्त्राची वही घेऊन आले. मी कांड्या भरायला कधीच बसले नाही. आईचंही पुढे अर्ध्या दिवसाचं काम सुटलं.

याला अठरा वर्षं झाली. मी आता एका तालुक्याच्या दवाखान्यात कानांची तपासणी करते. तेच हेडफोन, तीच काचेची खोली. गेल्या महिन्यात आण्णांच्या कानातलं यंत्र बदलायचं होतं म्हणून त्यांना माझ्याच खोलीत बसवलं. सत्तरीचे झालेत, भांग पाडण्याइतके केस राहिलेले नाहीत, तरी कंगवा खिशात असतो. त्यांनी खोली बघितली, मशीन बघितलं आणि मधल्या काचेवरचा निळा पडदा बोटाने चाचपला.

“ह्यो कशाला?”

“तुमच्यासारखी येतात की,” मी म्हणाले. “कोपर बघणारी.”

आण्णा मोठ्याने हसले. मग खुर्चीत बसले आणि हेडफोन मांडीवर घेऊन म्हणाले, “त्या दिवशी तू झेरॉक्सला गेलीस, तवा मी त्या डाक्टर बाईंना इचारलं. पोरगी मागनं काय बोलली?”

मी मशीन सोडून त्यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षं हा माणूस गप्प होता.

“सांगितलं त्यांनी?”

“सांगितलं. सावकाश, एकेक शबूद. मी म्हटलं, कळलं न्हाई. त्यांनी परत सांगितलं. मी म्हटलं, न्हाई कळलं बाई. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.”

“आण्णा, तुमी ओठ वाचण्यात एक नंबर. तिसऱ्यांदा कळलं?”

आण्णांनी हेडफोन उचलून डोक्यावर चढवला आणि खुर्ची आपणहून भिंतीकडे फिरवून घेतली.

“पयल्यांदाच कळलं हुतं,” ते पाठमोरेच म्हणाले.